अशोक आणि खोटा अशोक : नामसाम्य, कुलभेद आणि एका वृक्षाची अदृश्य टंचाई

(लेखक बी.ए.एम.एस. असून वडपे, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे चिकित्साव्यवसाय करतात.)

चिकित्सेचे यश वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण या चार पादांवर अवलंबून असते, हे आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून शिकत आलो. यांपैकी द्रव्य या पादाची परीक्षा आज बहुतांशी आपल्या हातून सुटली आहे. वैद्य औषधनिर्मात्यावर विसंबतो, औषधनिर्माता घाऊक व्यापाऱ्यावर आणि व्यापारी जंगलातून माल आणणाऱ्यावर. या साखळीत नामसाम्यामुळे कसा अनर्थ घडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अशोक. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वृक्षांची तुलना वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धन-स्थिती या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात केली आहे, आणि तिच्यातून निघणारा व्यवहार्य बोध वैद्यबंधू-भगिनी व औषधालयांच्या चालकांपुढे ठेवला आहे.

मुंबई–नाशिक महामार्गावरील वडपे आणि आसपासच्या गावांत गेल्या काही दशकांत गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली. या गोदामांच्या कुंपणालगत, गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांशी, शाळा व देवळांच्या आवारांत सरळसोट उंच वाढणाऱ्या, खाली झुकलेल्या लांब पानांच्या झाडांच्या रांगा दिसतात. कोणालाही विचारावे तर तो ‘अशोक’ असेच उत्तर देईल. मात्र अशोकारिष्टातील अशोक तो नव्हे. तो खोटा अशोक, काहींच्या बोलण्यात उभा अशोक, गुजराती भाषिकांचा आसोपालव. औषधी अशोक, ज्याला आपल्याकडे सीतेचा अशोक म्हणतात, तो या साऱ्या परिसरात हेतुपूर्वक शोधावा लागतो.

वर्गीकरण : चिंचेचा आप्त आणि सीताफळाचा आप्त

औषधी अशोकाचे शास्त्रीय नाव सराका असोका. तो शिंबी कुलातील, म्हणजे फॅबेसी कुलातील होय. आपण अभ्यासलेल्या जुन्या ग्रंथांत त्याचे उपकुल सिसाल्पिनिऑइडी असे दिलेले आढळते. २०१७ मध्ये शिंबी कुलाची जी नवी मांडणी जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून केली, तीनुसार कुलाची सहा उपकुले मानली जातात आणि सराका ही प्रजाती डेटारिऑइडी या उपकुलात येते. आपल्या अंगणातील चिंचही याच उपकुलातील आहे. अशोकाची चपटी शेंग हातात घेतली म्हणजे हे नाते सहज पटते.

खोट्या अशोकाचे प्रचलित नाव पॉलिअल्थिया लॉन्गिफोलिया. २०१२ मध्ये झालेल्या पुनर्रचनेत त्याला मोनून लॉन्गिफोलियम असे नाव देण्यात आले, त्यामुळे नव्या वाङ्मयात ही दोन्ही नावे आढळतात. तो ॲनोनेसी कुलातील, म्हणजे सीताफळ व रामफळ यांचा आप्त होय. बेंथॅम–हुकर पद्धतीतही ही दोन कुले वेगवेगळ्या श्रेणींत होती. आधुनिक जनुकाधारित वर्गीकरणात तर हे अंतर अधिकच स्पष्ट झाले आहे. ॲनोनेसी हे कुल चाफ्याच्या, म्हणजे मॅग्नोलियाच्या, प्राचीन शाखेत बसते, तर शिंबी कुल गुलाबवर्गीय शाखेत. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर या दोन झाडांइतके दूरचे सोयरे शोधणेही कठीण. अशा स्थितीत एकाची साल दुसऱ्याच्या जागी घालणे म्हणजे चिंचेच्या जागी सीताफळ घालण्यासारखेच होय.

नामकरणाचा इतिहासही उद्बोधक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग यांनी औषधी अशोकाला ‘जोनेशिया असोका’ असे नाव दिले. प्रजातीचे नाव संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांच्या गौरवार्थ होते आणि जातीचे नाव आपल्या संस्कृत नावावरूनच घेतले होते. पुढे हा वृक्ष ‘सराका इंडिका’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातही (१९०१–१९०८) हेच नाव आले. वस्तुतः लिनियसची सराका इंडिका ही आग्नेय आशियातील निराळी जाती आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डच वनस्पतिशास्त्रज्ञ द विल्डे यांनी हा घोटाळा दूर करून भारतीय अशोकाला सराका असोका हे नाव निश्चित केले. तरीही आजमितीस अनेक वेष्टनांवर जुने नाव छापलेले आढळते.

शास्त्रातील पर्याय हेच वर्णन

आपल्या निघंटूंतील पर्यायनामे म्हणजे त्या काळची वनस्पतिवर्णनेच होत. अशोकाला ताम्रपल्लव, हेमपुष्प, पिण्डपुष्प, गन्धपुष्प असे पर्याय आहेत. यांतील ‘ताम्रपल्लव’ हा पर्याय फसवा ठरू शकतो. औषधी अशोकाची कोवळी पाने तांबूस असून मऊ झालरीसारखी लोंबतात, पण खोट्या अशोकाची कोवळी पालवीही तांबूसच असते. म्हणूनच इतर तीन पर्याय महत्त्वाचे. औषधी अशोकाची फुले नारिंगी-पिवळी उमलून पुढे लाल होतात, दाट गुच्छांत येतात, प्रसंगी जुन्या फांद्यांवर व खोडावरही फुटतात आणि सुगंधी असतात. त्यांना पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते रंगीत निदलपुंजाचे चार खंड होत आणि त्यांतून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवट-पिवळी, सहा अरुंद पाकळ्यांची, ताऱ्यासारखी असतात आणि पानांच्या रंगात मिसळून जातात. त्याला हेमपुष्प म्हणण्यास कोणीही धजावणार नाही.

दोहोंची तुलना थोडक्यात पुढीलप्रमाणे :

पान : औषधी अशोकाचे संयुक्त, पर्णिकांच्या साधारण तीन ते सहा जोड्या. खोट्या अशोकाचे साधे, लांबट, कडा लाटांसारख्या नागमोडी.

पुष्प : औषधी अशोकाचे नारिंगी ते लाल, गुच्छात, सुगंधी. खोट्या अशोकाचे हिरवट, ताराकृती.

फळ : औषधी अशोकाची चपटी शेंग, आत अनेक बिया. खोट्या अशोकाची अंडाकृती, पिकल्यावर जांभळट-काळी फळे, झुबक्याने, प्रत्येकात एक बी.

आकार : औषधी अशोक मध्यम उंचीचा, पसरट व डेरेदार. खोटा अशोक सरळ, उंच. त्याचा झुकत्या फांद्यांचा प्रकार खांबासारखा.

गुणकर्माच्या दृष्टीनेही हा भेद मूलभूत आहे. चरकाने अशोक वेदनास्थापन महाकषायात सांगितला, सुश्रुताने लोध्रादि गणात. चक्रदत्ताने असृग्दरात अशोकसालीने सिद्ध केलेल्या दुधाचा उपयोग सांगितला. कषाय-तिक्त रस, शीत वीर्य, लघु-रूक्ष गुण आणि ग्राही कर्म यांमुळे रक्तप्रदरात तो अग्रगण्य ठरला. या सालीत टॅनिने, कॅटेचिने व प्रोसायनिडिने विपुल असतात, असे आधुनिक रसायनशास्त्र सांगते. खोट्या अशोकाच्या सालीतील लक्षवेधी घटक मात्र क्लेरोडेन वर्गातील डायटर्पीने व अल्कलॉइडे आहेत. त्यांवर प्रयोगशाळांतून संशोधन होत आहे आणि ते व्हावेच. परंतु त्या बळावर हा वृक्ष अशोकाचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. प्रतिनिधी द्रव्य रस-वीर्य-विपाकाने तुल्य असावे लागते. केवळ नावाने तुल्य असून भागत नाही.

अधिवास आणि विस्तार

औषधी अशोक हा ओलाव्याचा व सावलीचा वृक्ष आहे. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत, साधारणतः ७५० मीटर उंचीपर्यंत, ओढ्या-नाल्यांच्या काठी तो नैसर्गिकरीत्या वाढतो. कोकणापासून केरळपर्यंतचा पश्चिम घाट, पूर्व घाट व ओडिशाचा काही भाग, मेघालयातील टेकड्या, तसेच श्रीलंका, बांगलादेश व म्यानमार असा त्याचा विस्तार. विस्तार मोठा वाटला तरी तो सलग नाही. ओढ्याकाठच्या अरुंद पट्ट्यांत, एकमेकांपासून तुटलेल्या छोट्या समूहांत तो आढळतो. धरण, रस्ता, शेती वा बांधकाम यांसाठी सर्वप्रथम जे पट्टे जातात, तेच याचे घर. महाराष्ट्रात दक्षिण कोकण व त्यालगतच्या घाटउतारांवर तो रानात आढळतो. अन्यत्र दिसणारी झाडे बहुधा देवालये, उद्याने व महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांत लावलेली असतात.

खोटा अशोक मूळचा दक्षिण भारत व श्रीलंका येथील. तो कोरडेपणा, धूळ, धूर, निकृष्ट जमीन सारे काही सोसतो. पूर्वी त्याच्या सरळ खोडाचा गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी उपयोग होत असे. आता शोभेसाठी व आडोशासाठी तो देशभर आणि उष्ण कटिबंधातील अनेक देशांत लावला गेला आहे. वटवाघळे व कोकिळा त्याची फळे आवडीने खातात, त्यामुळे बीजप्रसारही आपोआप होतो.

संवर्धन-स्थिती

जागतिक निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) १९९८ मध्ये औषधी अशोकाची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली. जानेवारी १९९७ मध्ये भारतात औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनासाठी झालेल्या कार्यशाळा हा या नोंदीचा आधार होता. मर्यादित व तुटक अधिवास आणि त्याचा सातत्याने होणारा ऱ्हास या निकषांवर हा निर्णय झाला. पुढे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याने लागवडीसाठी ज्या ३२ वनस्पती निवडल्या, त्यांतही अशोकाचा समावेश झाला.

खोट्या अशोकाला असा कोणताही धोका नाही. लागवडीमुळे त्याची संख्या वाढतच आहे.

औषधी अशोकाच्या ऱ्हासाची कारणे तीन. पहिले, ओढ्याकाठच्या अधिवासाचा नाश. दुसरे, त्याचे बी वाळवून साठवता येत नाही. सुकले की उगवणक्षमता झपाट्याने घटते, त्यामुळे नैसर्गिक पुनरुत्पत्ती मंद राहते. तिसरे आणि आपल्याशी थेट संबंधित कारण म्हणजे साल. पान, फूल वा फळ काढल्याने वृक्ष मरत नाही. खोडाची साल सभोवार सोलली म्हणजे पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि वृक्ष उभाच्या उभा वाळतो.

आपली गरज किती आहे ते पाहू. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाच्या पाठात १ तुला अशोकसाल, ४ द्रोण जल चतुर्थांश उरवून, २०० पल गूळ व १६ पल धायटीची फुले, शिवाय प्रक्षेपद्रव्ये आहेत. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या मानाने ही साल ४.८ किलो आणि शेष क्वाथ १२.२८८ लिटर होतो. ९.६ किलो गुळाने वाढणारे आकारमान धरले तरी लिटरमागे सुमारे पाव किलो साल पडते. एखाद्या रुग्णेस दिवसातून दोन वेळा २० मिलि याप्रमाणे तीन महिने अशोकारिष्ट दिले, तर ३.६ लिटर औषध लागते, म्हणजे एका रुग्णेमागे सुमारे एक किलो साल. २००८ साली प्रकाशित झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वर्षाला १०० टनांहून अधिक उलाढाल असलेल्या १७८ वनस्पतींमध्ये अशोकाची गणना झाली, यात नवल नाही.

टंचाई दिसत का नाही?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. वृक्ष असुरक्षित, वाढ मंद, लागवड अत्यल्प, मागणी प्रचंड. तर मग बाजारात अशोकसाल कधीच संपत कशी नाही? तिचा भाव अतीस वा चंदनासारखा आकाशाला का भिडत नाही?

उत्तर २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात मिळते. बंगळुरू येथील संशोधकांनी कच्च्या औषधींच्या बाजारातून अशोकसालीचे नमुने गोळा करून जनुकीय ओळखपट्टी व रासायनिक पृथक्करण या दोन्ही मार्गांनी तपासले. ८० टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हतेच. ते किमान सात निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींचे होते. खोट्या अशोकाबरोबरच शाल, कांचन इत्यादींच्या सालींची भेसळ होते, हे द्रव्यगुणाच्या ग्रंथांतून पूर्वीपासून नमूद आहेच.

या भेसळीकडे आपण आजवर केवळ रुग्णाची फसवणूक म्हणून पाहिले. ती फसवणूक आहेच. रक्तप्रदराने क्षीण झालेली, रक्ताल्पतेने ग्रासलेली स्त्री तीन महिने निष्ठेने औषध घेते आणि स्तंभन होत नाही, तेव्हा दोष शास्त्रावर येतो आणि गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला तिच्या पुढ्यात येतो. परंतु या भेसळीचे दुसरेही एक फळ आहे, जे डोळ्यांना दिसत नाही. टंचाई निर्माण झाली की भाव वाढतो, भाव वाढला की शेतकरी लागवडीकडे वळतो, हा बाजाराचा साधा नियम. अशोकाच्या बाबतीत हा नियम चालतच नाही. कारण रिकामी जागा दुसरी साल त्याच नावाने भरून काढते. भाव खालीच राहतो. त्या भावात दीड-दोन दशके वाट पाहून खरा अशोक लावणे कोणालाही परवडत नाही, आणि रानात जे थोडे वृक्ष उरले आहेत ते मातीमोल किमतीला सोलले जातात. रस्त्याकडेचा मुबलक वृक्ष ओढ्याकाठच्या दुर्मिळ वृक्षाची टंचाई अशा रीतीने झाकून टाकतो. भेसळ आणि ऱ्हास ही दोन संकटे वाटली तरी ती वस्तुतः एकच आहेत.

एका घाऊक दुकानात मी अशोकसाल मागितली असता दुकानदाराने विचारले, “कोणती देऊ वैद्यराज, साधी की अस्सल?” साधीचा भाव अस्सलच्या कितीतरी खाली होता. दोहोंच्या पोत्यांवर नाव मात्र एकच होते. साधी कोण नेतो, असे विचारता तो म्हणाला, “जास्त करून तीच जाते.”

सालीची परीक्षा

दुकानात पान-फूल नसते, साल असते. तेव्हा परीक्षा सालीवरूनच करता आली पाहिजे. आयुर्वेदिक फार्माकोपियाने सांगितलेली लक्षणे लक्षात ठेवण्यास सोपी आहेत.

१) स्वरूप : साल पन्हळीसारखी वळलेली. बाह्य पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर वर्तुळाकार वातरंध्रे व आडव्या रेषा. आतील बाजू लालसर तपकिरी, बारीक उभ्या रेषांची.

२) श्वेत रेषा : साल मोडून किंवा चाकूने छेद घेऊन भिंगाखाली पाहावी. बाहेरील बुचासारख्या थराच्या लगेच खाली एक पातळ, पांढुरकी, अखंड रेषा दिसते. हा अश्मपेशींचा थर होय. अशोकसाल ओळखण्याची ही घरगुती पण भरवशाची खूण आहे.

३) भंग : अशोकसाल मोडताना चिरफळ्या निघतात. खोट्या अशोकाची साल चिवट, तंतुमय असून लांब पट्ट्यांत सोलवटते. हा ॲनोनेसी कुलाचा गुणच आहे.

४) रस : अशोकसाल चघळताच स्पष्ट कषाय रस येतो, जिभेस आवळल्यासारखे होते. खोट्या अशोकात तुरटपणा क्षीण असून कडवटपणा जाणवतो.

५) मानके : मद्यविद्राव्य अंश १५ टक्क्यांहून कमी व जलविद्राव्य अंश ११ टक्क्यांहून कमी नसावा. अन्य द्रव्ये २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत.

पहिल्या चार परीक्षांस भिंग, चाकू व जीभ यांखेरीज काही लागत नाही. मात्र त्या अखंड सालीवरच शक्य आहेत. भरड अथवा चूर्णावर नाहीत. म्हणून लहान औषधालयांनी अशोकसाल भरड स्वरूपात घेणे टाळावे. मोठ्या निर्मात्यांनी सूक्ष्मदर्शक परीक्षा व पातळ थराचे क्रोमॅटोग्राफी परीक्षण प्रत्येक खेपेस करावे.

औषधनिर्मात्यांचे दायित्व

२००० साली लागू झालेल्या अनुसूची ‘टी’नुसार कच्च्या द्रव्याची ओळख, परीक्षण व नोंद ठेवणे निर्मात्यावर बंधनकारक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३ ईईए मध्ये एका औषधाच्या जागी दुसरे औषध देणे ‘बनावट’ या सदरात मोडते. “व्यापाऱ्याने अशोक म्हणून दिले” हे उत्तर कायद्यापुढे अपुरे आहे आणि रुग्णेपुढे तर त्याहूनही अपुरे. खरेदी-पत्रकावर ‘अशोक साल’ एवढेच न लिहिता ‘सराका असोका, खोडाची साल’ असे लिहून घ्यावे, माल कोणत्या जिल्ह्यातून व कोणत्या हंगामात आला ते विचारावे आणि प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा. चरकाने साल शरद ऋतूत घेण्यास सांगितले आहे, तेव्हा हंगामाचा प्रश्न केवळ औपचारिक नाही.

आपण काय करू शकतो?

लागवडीविना तरणोपाय नाही. बी ताजे असतानाच रोपवाटिकेत पेरावे. रोपास प्रारंभी सावली व नियमित पाणी द्यावे. नारळी-पोफळीच्या वाड्या, ओढ्याकाठ, शेततळ्यांचे बांध या जागा त्यास मानवतात. साल घेताना खोडाभोवती वलय न काढता उभ्या अरुंद पट्ट्या घ्याव्यात, मधील साल अभंग ठेवावी आणि जखम भरून येईपर्यंत त्या वृक्षास पुन्हा हात लावू नये. सालीऐवजी डहाळ्या वा पाने वापरण्याविषयीचे संशोधन आशादायक असले तरी शास्त्राधार व फार्माकोपियाची मान्यता मिळाल्याखेरीज ते प्रयोगापुरतेच असावे.

वैद्यांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या औषधालयातील अशोकसालीचा एक तुकडा आजच मोडून पाहावा. आपण ज्या निर्मात्याचे अशोकारिष्ट वापरतो, त्यास सालीच्या परीक्षणाविषयी लेखी विचारणा करावी. दहा वैद्यांनी विचारले तर निर्मात्यास उत्तर द्यावेच लागते. आणि जेथे संधी मिळेल तेथे, गोदामाच्या आवारात, शाळेत, देवळाशी, उभ्या अशोकाच्या रांगेत निदान एक सीतेचा अशोक लावण्याचा आग्रह धरावा. आपल्या भागातील गोदाम-मालकांना वृक्षारोपण करावेच लागते. कोणते झाड लावावे, हे सांगणारा मात्र कोणी नसतो. ते काम वैद्याचे आहे.

अस्सल साल महाग पडते, ही तक्रार रास्त आहे. परंतु तो वाढीव भाव हाच अशोकाच्या लागवडीचा एकमेव पाया आहे. तो देण्याची तयारी आपण दाखवली नाही, तर काही वर्षांनी ‘साधी की अस्सल’ हा प्रश्नही दुकानदार विचारणार नाही, कारण अस्सलचे पोते त्याच्याकडे उरलेले नसेल.